सासूबाईंच्या शेतातलं पाखड

मोबाइल डाव्या कानाला आणि उजवा हात रिकामा, अशा अवस्थेत मला एकटं सोडू नये, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. या अवस्थेत मी शेजाऱ्यांच्या तुळशीच्या मंजिऱ्या खुडून त्यांच्याच ओट्यावर ढीग घातलेला आहे. एकदा लग्नघरी बोलता बोलता अक्षतांचं अख्खं ताट निवडून ठेवलं होतं. पण गेल्या वर्षी मार्चअखेर जे केलं, त्यापुढे हे सगळं किरकोळ.

आधी माझा धंदा सांगतो, म्हणजे गुन्हा कळेल. मी राहतो पेणला आणि रोज सकाळच्या गाडीने रोह्याला जातो. तिथे विद्यापीठाची एक छोटी प्रयोगशाळा आहे. भातशेतीतलं गवत औषध फवारूनही का मरत नाही आणि ही न मरण्याची खोड त्याच्या पोराबाळांत कशी उतरते, हे आम्ही शोधतो. त्यासाठी गवत लागतं. म्हणून आम्ही कुंड्यांत भाताच्या जोडीला गवत पेरतो, त्याला पाणी घालतो, खत घालतो, त्यावर कीड पडली तर हळहळतो. आमच्या गल्लीत मला 'गवताचा डॉक्टर' म्हणतात. गवताला बरं करणारा की मारणारा, हे विचारायचा मला अजून धीर झालेला नाही.

तर त्या सकाळी मी जाळीघरात कुंड्यांमध्ये उभा होतो आणि थोरल्या भावाचा फोन आला. यंदा गणपती सव्वा फुटाचा की दीड फुटाचा? पेणच्या माणसाला हा विषय मार्चातच काढावा लागतो, नाहीतर ओळखीचा कारखानदार ऐनवेळी मुंबईकरांची ऑर्डर दाखवतो. भाऊ दीड फुटावर ठाम, मी सव्वावर. त्याचं म्हणणं, मखराची उंची. माझं म्हणणं, विसर्जनाला उचलतं कोण? वीस-पंचवीस मिनिटं हे चाललं. अखेर भावाने "तू लहानपणापासून असाच" म्हणून फोन ठेवला, तेव्हा माझ्या उजव्या हातात गवताची एक सुबक जुडी होती. मुळं झटकलेली, माती साफ.

समोरच्या बाराही कुंड्यांत फक्त भात उरला होता.

तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या क्षणी मला बरं वाटलं. लहानपणी मामाच्या शेतावर बेणणीला, म्हणजे तण उपटायला, बायकांच्या ओळीत मलाही उभं करत. भात आणि त्यात माजणारं पाखड हे गवत कोवळेपणी जुळ्या भावांसारखे दिसतात, पण भाताच्या पानाच्या सांध्याशी बारीकशी जिभली असते, पाखडाला ती नसते. हा फरक माझ्या डोळ्यांपेक्षा बोटांना जास्त चांगला कळतो. बोटांनी न बघता अचूक बेणणी केली होती. एकही भाताचं रोप दुखावलं नव्हतं. त्याच समाधानात मी प्रयोगशाळेचा नियमही पाळला: उपटलेलं तण बाहेर जाता कामा नये, लगेच वाफवायचं. नियम मीच केलेला आहे. जुडी ऑटोक्लेव्हमध्ये घातली, झाकण लावलं, बटण दाबलं आणि चहाला गेलो. ऑटोक्लेव्ह म्हणजे प्रेशर कुकरचा थोरला भाऊ. त्यातून काही जिवंत बाहेर येत नाही.

कप अर्धा झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तणांवर संशोधन करतो.

त्या कुंड्या माझ्या नव्हत्या. त्या माझ्या विद्यार्थिनीच्या होत्या. ती वडखळच्या बाजूची. माहेर खाडीकाठचं, खारजमिनीत भात करणारं. पीएच.डी.साठी नोंदणी झाली, मग लग्न झालं, मग मुलगी झाली. बाळंतपणासाठी मुदत एकदा वाढवून घेतली होती आणि ती पुन्हा वाढणार नव्हती. डिसेंबरपर्यंत प्रबंध दिला तर दिला, नाहीतर पाच वर्षांचं काम पाण्यात. दोन वर्षांच्या पोरीला आजीकडे ठेवून ती रोज रोह्याला येई. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांतल्या शेतांमधून तिने पाखडाचं बी गोळा केलं होतं, पेरलं होतं, त्यावर औषध फवारलं होतं. बाकी सगळ्या शेतांतलं मेलं. एकाच शेतातलं पाखड दुप्पट औषध पिऊनही ताठ उभं राहिलं. त्या नमुन्याला तिने नाव दिलं होतं आर-सात. सगळा प्रबंध या आर-सातवर उभा होता. पानं तपासून झाली होती, त्यांतला बदल सापडला होता, आता फक्त या रोपांचं बी धरायचं, पुन्हा पेरायचं, आणि खोड पुढच्या पिढीत उतरते हे दाखवायचं. बी धरायला पंधरा दिवस होते.

आणि मी आर-सात शिजवलं होतं.

ती जाळीघरातून प्रयोगशाळेत आली तेव्हा रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"सर, माझ्या कुंड्यांत कोण आलं होतं?"

"मी."

"आणि?"

"बेणणी झाली."

ती खुर्चीवर बसली. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. आमचा कुत्रा चप्पल चावल्यावर बायको जशी बघते तशी. मग म्हणाली, "सर, माझी आई म्हणते ते खरं हाय. शिकलेल्या माणसाला एकटं शेतात पाठवू नये."

"बी शिल्लक असेल ना थोडं?"

"पाकिटात चमचाभर होतं. तुमीच म्हणालात सगळं पेर." मग एकदम ताठ बसली. "पण शेत तर जागेवर हाय ना? उन्हाळी भात उभा असंल. आता जाऊन आणू. आर-सात कुठलं, सर? बाकी सगळे नमुने मी आणले, हे एक तुमी आणलंत. वहीत नुसतं 'रोहा तालुका, शेतकरी महिला' लिवलंय."

आता दुसरा गुन्हा सांगतो.

ती शेतकरी महिला म्हणजे माझ्या सासूबाई. रोह्याच्या पुढे कालव्याच्या पाण्यावर त्यांचं उन्हाळी भाताचं शेत आहे. सासरे गेल्यापासून त्याच बघतात. दुधातला केस सापडेल, पण त्यांच्या शेतात गवताची काडी सापडणार नाही, असा त्यांचा गावात लौकिक आहे आणि हा लौकिक त्यांनी स्वतःच पसरवलेला आहे. आदल्या वर्षी एप्रिलअखेर आम्ही आंबे खायला गेलो होतो. सकाळी मी शेतावर फेरी मारली आणि पाहिलं, तर भातात पाखड डोकी वर काढून उभं! आजूबाजूला औषध मारल्याच्या खुणा, बाकी गवत जळालेलं, हे मात्र टवटवीत. संशोधकाच्या तोंडाला पाणी सुटावं असं दृश्य. पण "आई, तुमच्या शेतात फार उत्तम प्रकारचं गवत आहे" हे वाक्य सासूबाईंसमोर उच्चारणारा जावई अजून जन्मायचा आहे. मी इकडे तिकडे पाहिलं, चार लोंब्या खिशातल्या रुमालात झटकल्या आणि घावणे खायला घरी आलो.

हे बायकोलाही सांगितलं नव्हतं. आता सांगावं लागलं. ती कणीक मळत होती.

"म्हणजे तुम्ही माझ्या आईच्या शेतातून चोरी केलीत."

"अगं, गवताची."

"गवताची तर गवताची. लोक भात चोरतात. तुम्ही ते सोडून गवत चोरलंत." तिने परात बाजूला ठेवली. "आणि वर तिच्या शेतात गवत आहे असं कागदावर लिहिलंत?"

"नाव नाही लिहिलं."

"ते एक शहाणपण केलंत." मग तिने विचारलं, "त्या पोरीचं काय होईल?"

मी डिसेंबरचं सांगितलं. बायकोने हात धुतले आणि आईला फोन लावला. "आई, रविवारी येतोय आम्ही. अगं, ह्यांना शेत बघायचंय. हो, मुद्दाम शेत बघायलाच." या फोनने किती मोठा घोटाळा केला, ते रविवारी कळलं.

रविवारी आम्ही तिघं सकाळच्या गाडीने निघालो. बायकोच्या आग्रहाखातर मी नवा पांढरा सदरा घातला होता. विद्यार्थिनीने पिशवीभर कागदी पाकिटं घेतली होती, त्यावर आधीच 'आर-सात' लिहून. रोह्याहून रिक्षाने गावात पोचलो. सासूबाई ओट्यावर वाटच बघत होत्या. सत्तरीच्या, पण कमरेत ताठ. पाणी झालं, चहा झाला, विद्यार्थिनीची चौकशी झाली, "पोर कुणाकडं ठेवलीस गो?" झालं, आणि मग आम्हाला त्या मोठ्या दिमाखात शेतावर घेऊन गेल्या.

शेत कसं होतं म्हणाल तर नुकतीच दाढी करून बोहल्यावर उभ्या राहिलेल्या नवरदेवासारखं. नुसता भात. बांधसुद्धा खरवडलेले.

"आई, गवत कुठाय?" बायकोने विचारलं.

"कसलं गवत?"

"पाखड गं."

"माझ्या शेतात?" सासूबाई हसल्या. "नाय गो बाय. तू फोन केलास ना जावईबापू शेत बघाया येतायत म्हणून? चार बायका लावल्या, दोन दिस बेणून घेतलं. जावयानं मुद्दाम शेत बघाया यायचं आणि त्यात गवत दिसायचं? काय म्हनतील, सासूला हात हालवाया होत नाय?"

विद्यार्थिनीने माझ्याकडे पाहिलं. ही नजर आता माझ्या चांगल्या ओळखीची झाली होती, पण या वेळी मी निर्दोष होतो, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

मी धीर केला आणि सगळं सांगितलं. आदल्या वर्षीच्या लोंब्या, रुमाल, कुंड्या, सगळं. जन्मायचा राहिलेला तो जावई अखेर जन्मला. सासूबाईंचा चेहरा पाटीसारखा कोरा झाला. "तुमची कायतरी चूक झालीय," त्या म्हणाल्या. "ते शेजारच्या बांधावरचं आसंल. माझ्या जावेचं. तिच्यात लय हाय."

"आजी, उपटलेलं कुठं टाकलंत?" विद्यार्थिनीने हळूच विचारलं.

"म्हशीपुढं. उरलं ते खताच्या खड्ड्यात."

चूक माझी, पोरीचं वर्ष जातंय, आणि बायकोही बघत होती. मी पँट दुमडली आणि खड्ड्यात उतरलो.

खताचा खड्डा घरामागे, रस्त्याला लागून. मी गुडघाभर शेणकाल्यात, पांढरा सदरा, हातात पेंढा. पाच मिनिटांत कुंपणापलीकडून सासूबाईंच्या जावेचं डोकं वर आलं.

"काय गो, जावयाचं काय हरवलं?"

सासूबाई क्षणभरही अडखळल्या नाहीत. "अंगठी."

"अगो बाय! सोन्याची?"

"मग काय पितळेची आसंल?"

त्यानंतर जे झालं ते मला आवरता आलं नसतं. जाऊबाईंनी आपल्या दोन सुना हाकारल्या. रस्त्याने जाणारे एक काका थांबले. कुणीतरी फावडं आणलं. खड्ड्यातून अंगठी काही निघेना, पण पाखड निघायला लागलं. जुड्याच्या जुड्या. सुना त्या काठावर रचू लागल्या आणि जाऊबाई मोठ्या गोडीने म्हणाल्या, "बरंच पाखड निगालं गो तुझ्यात यंदा."

मी एक जुडी विजयाने वर धरली. विद्यार्थिनीने लांबूनच मान हलवली. "नको सर. ह्यात कुठकुठलं गवत मिसळलंय. म्हशीचा चारा बाहेरनं पण येतो. हेच आर-सात, हे मी कशावरनं सांगू?"

बरोबर होतं. मीच तिला शिकवलं होतं. मी खड्ड्यातच उभा राहिलो. करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि बाहेर यायला तोंड नव्हतं.

ती मात्र ओट्यावर सासूबाईंशेजारी जाऊन बसली. "आजी, आमच्या खाडीकडं पण पाखड मातलं होतं. आई औषध मारून मारून थकली. सगळे तिलाच बोलायचे, तुझंच माप चुकतंय. तिनं शेतावर जायचंच सोडलं होतं."

सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "मला पन तसंच बोलला तो औषधाचा दुकानवाला. चार माणसांत बोलला. 'आजी, तुमाला माप कळत नाय, पंपात पाणीच जास्त वततां.' चाळीस वर्सं शेती केली मी. दोन झाकणं म्हंजे दोन झाकणं. चमचाभर इकडं नाय, तिकडं नाय."

"मग?"

सासूबाईंनी एकदा खड्ड्याकडे पाहिलं. तिथे जावई शेणात उभा, जाऊ कुंपणाला टेकलेली, आणि नसलेल्या अंगठीसाठी अर्धा गाव जमलेला. शेताची अब्रू की जावयाची, हा हिशेब त्यांनी मनात केला असावा. त्या उठल्या. "बाहेर या हो जावईबापू. अंगठी घरातच सापडली," असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, आणि पुढे चालू लागल्या.

शेताच्या टोकाला, कालव्याचं पाणी येतं तिथे, पंपाची शेड आहे. शेडच्या मागे चार बांबू रोवून त्यावर जुनं लुगडं टाकलेलं होतं. सासूबाईंनी ते बाजूला सारलं. आत खाटेएवढ्या जागेत पाखड उभं होतं. ताठ, पिकलेलं, लोंब्या खाली झुकलेल्या. आजूबाजूची जमीन औषधाने करपलेली.

"हे बेणू नका म्हनून सांगितलं बायकांना. तीनदा औषध मारलंय ह्याला, मापानं. त्या दुकानवाल्याला हाताला धरून आणणार होते. बघ म्हनणार होते." त्यांचा आवाज जरा खाली आला. "मग वाटलं, आणला आणि खरंच माझंच माप चुकलेलं निगालं तर? म्हनून झाकून ठेवलं."

विद्यार्थिनी लोंबीजवळ उकिडवी बसली होती. तिने मान वर केली. "आजी, तुमचं माप बरोबर होतं."

"आं?"

"औषध रोपात जाऊन एका जागी बसतं, तेव्हा रोप मरतं. ह्या पाखडानं ती जागाच बदललीय. औषध येतं, दार वाजवतं, पण आत बसायला जागा नाय. तुमी दोन झाकणं घाला नायतर चार घाला. आणि ही खोड आईकडनं पोरांत उतरते."

"परत सांग."

"तुमचं माप बरोबर होतं."

"जरा मोठ्यानं सांग गो. ती बघ, बांधापर्यंत आलीय." जाऊबाई खरोखरच आल्या होत्या. विद्यार्थिनीने उभं राहून, प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत बोलावं तसं खणखणीत सांगितलं. जाऊबाई ऐकून म्हणाल्या, "म्हंजे माझं पन माप बरोबरच असंल की!" आणि त्यांच्याही शेतात आहे, हे सगळ्यांसमोर कबूल करून बसल्या. सासूबाईंच्या चेहऱ्यावर जे हसू उमटलं, ते मी माझ्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

पाकिटं भरायला तासभर लागला. मी पुढे झालो तशी विद्यार्थिनी म्हणाली, "सर, तुमी नको. तुमी हात मागं धरून उभं राहा." सासूबाईंनी मला शेणासकट शेडच्या सावलीत उभं केलं आणि स्वतः तिच्याबरोबर लोंब्या झटकायला बसल्या. एक दाणाही मातीत पडू दिला नाही. माप पक्कं होतं त्यांचं.

पुढचं सगळं पावसाळ्यात झालं. बी पेरलं, उगवलं, त्यावर औषध मारलं. दर वेळी फवारणीनंतर चार दिवस विद्यार्थिनी जेवायची नाही नीट. पिवळं पडलं तर सगळं संपलं. पिवळं पडलं नाही. माझ्यापुरतं म्हणाल, तर जाळीघराला कुलूप लागलं होतं आणि किल्ली तिच्याकडे होती. मी बाहेरून जाळीतून बघायचो, दवाखान्यात नातेवाईक बघतात तसा. डिसेंबर लागायच्या आठ दिवस आधी तिने प्रबंध दिला. त्या दिवशी ती प्रथमच पोरीला घेऊन प्रयोगशाळेत आली. पोरीने येताक्षणी माझ्या टेबलावरच्या कुंडीतलं रोप धरलं, आणि आम्ही दोघंही एकदम ओरडलो.

प्रबंधाची एक प्रत घेऊन आम्ही पुन्हा सासूबाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला. इंग्रजी अक्षर एकही कळत नव्हतं, पण पान न् पान उलटलं. "ह्यात माझं कुठाय?"

विद्यार्थिनीने तक्त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा. आर-सात."

"ही मी?"

"व्हय, आजी."

त्यांनी त्या ओळीवरून दोनदा बोट फिरवलं, मग प्रत लुगड्याच्या घडीखाली कपाटात ठेवून दिली. आम्ही निघताना मला ओट्यावरून पोचवायला आल्या, हातात घावण्यांचा डबा दिला.

परतीच्या गाडीत विद्यार्थिनी पलीकडच्या बाकावर पोरीला मांडीवर घेऊन पेंगत होती. मला फार हलकं वाटत होतं, आणि हलकं वाटलं की मी शहाणपणाचं बोलतो. बायकोला म्हटलं, "बघ, किती खूश झाल्या. उगाच घाबरलो मी. त्या वर्षीच सरळ मागितलं असतं, तर आईंनी हसत हसत दिलं असतं."

बायको खिडकीबाहेर बघत होती. तशीच बघत म्हणाली, "छे, आई कसली देतेय! पण विचारायचं होतंत."